तुरट लाल वाईन (आस्वाद व भोजनसंगती)

तुरट लाल वाईन म्हणजे टॅनिन या वनस्पतिजन्य द्रव्याचे प्रमाण अधिक असलेली, सहसा गडद रंगाची व भारदस्त चवीची द्राक्षवाईन होय. कॅबर्ने सॉव्हिन्यों, शिराझ (सिरा), तन्ना व नेब्बिओलो या द्राक्षजातींपासून ती तयार होते. महाराष्ट्रात यांपैकी पहिल्या दोन जाती मुख्यत्वे लावल्या जातात.

तुरटपणाचे कारण

टॅनिन द्राक्षाची साल, बिया आणि देठ यांत असते. पांढऱ्या वाईनसाठी रस आधीच वेगळा काढतात. लाल वाईनमध्ये मात्र तो सालींसह आंबवला जात असल्याने रंग व टॅनिन दोन्ही त्यात उतरतात. ओक लाकडाच्या पिंपात मुरवल्यास काही टॅनिन लाकडातूनही येते. घोट घेतल्यावर टॅनिन लाळेतील प्रथिनांशी बांधले जाते, लाळेचा ओशटपणा कमी होतो आणि जीभ व हिरड्या कोरड्या पडून आवळल्यासारख्या वाटतात. म्हणून आधुनिक शास्त्र तुरटपणाला चवीपेक्षा स्पर्शसंवेदना मानते. आयुर्वेदाने मात्र 'कषाय' हा सहा रसांपैकी एक मानला आहे. जांभूळ, सुपारी किंवा हिरडा चघळलेल्या माणसाला ही संवेदना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. नवशिके मात्र तुरट आणि कडू यांची गल्लत हटकून करतात. कडूपणा मुख्यत्वे जिभेला कळतो, तुरटपणा गालांच्या आतून व हिरड्यांनाही जाणवतो.

वाईन बाटलीत मुरत गेली की टॅनिनचे रेणू एकमेकांशी जोडले जातात. काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि चव मवाळ होते.

महाराष्ट्रातील उत्पादन

श्यामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात नारायणगाव येथे द्राक्षवाईनचा उद्योग उभारला. राजीव सामंत यांची नाशिकजवळील सुला वाइनरी 2000 साली सुरू झाली आणि 2001 मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज येथील फ्रातेल्लीची 'सेटे' ही वाईन सांजोव्हेसे व कॅबर्ने सॉव्हिन्यों यांच्या मिश्रणातून होते.

आस्वाद

लाल वाईन 'खोलीच्या तापमानाला' द्यावी असे म्हणतात. तो संकेत युरोपातील थंड घरांचा आहे. नांदेड-बिलोलीच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो, तिथे तो पाळला तर पेल्यात केवळ मद्यार्काची झळ लागेल. सुमारे 16 ते 18 अंश सेल्सिअस योग्य. त्यासाठी बाटली काही वेळ फ्रिजमध्ये ठेवावी. फार थंड केल्यास मात्र तुरटपणा बोचरा होतो. तरुण वाईन रुंद भांड्यात ओतून हवा लागू दिल्यास तिचा गंध खुलतो. प्रथम रंग पाहावा, मग गंध घ्यावा, आणि लहान घोट तोंडात फिरवून गिळल्यानंतर कोरडेपणा किती वेळ टिकतो ते पाहावे.

भोजनाबरोबर

प्रथिने व स्निग्धता टॅनिनला गुंतवून ठेवतात, त्यामुळे चरबीयुक्त मांसाबरोबर अशी वाईन मऊ लागते. भाजलेले वा सुके मटण आणि ज्वारीची भाकरी ही जोडी या दृष्टीने उत्तम. तर्रीदार, झणझणीत रश्श्याशी तिचे जमत नाही: मिरचीचा दाह मद्यार्काने वाढतो आणि टॅनिनच्या कोरडेपणाने अधिक बोचतो. मराठवाड्यातील येसराच्या आमटीत अडचण मसाल्याच्या गंधाची नसून तिखटाची आहे. तिखट हात आखडता ठेवला तर धणे-खोबऱ्याचा भाजका वास शिराझशी जुळतो. शाकाहारी पानात भरली वांगी चालतात. शेंगदाणे मात्र फोलपटे काढून घ्यावेत, कारण त्या लालसर सालीतही टॅनिन असते आणि तुरटावर तुरट चढते. अंबाडीच्या आंबट भाजीपुढे वाईन सपक, तर पुरणपोळीसारख्या गोडाबरोबर कडवट लागते. लाल वाईनमधील लोहामुळे माशांचा उग्र वास वाढू शकतो, म्हणून ती जोडी सहसा टाळतात.

कायदा व आरोग्य

राज्यात मद्याची विक्री व सेवन 1949 च्या मद्यनिषेध कायद्याखाली येते. मोठ्या किराणा दुकानांत वाईनविक्रीस परवानगी देण्याचा मंत्रिमंडळाचा जानेवारी 2022 मधील निर्णय तीव्र विरोधामुळे वादग्रस्त ठरला. लाल वाईन हृदयाला हितकर असल्याचा समज प्रचलित असला, तरी मद्यसेवनाचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले आहे.