मलपरीक्षा : एका पुराव्याचा इतिहास



आजचा विषय ऐकून काहींनी नाक मुरडलं असेल. ते साहजिक आहे. पण पोट साफ नसलं की दिवस वाईट जातो, हा अनुभव या सभागृहात प्रत्येकाला आहे. त्या अनुभवावरून आपण पुढे एक मोठं विधान करतो, की सगळ्या शरीराचं आरोग्य पोटात असतं आणि पोटात काय चाललंय ते मलावरून कळतं. या विधानात खरं किती आणि ओढूनताणून आणलेलं किती, हे इतिहासाच्या आधारे पाहायचं आहे. मी वैद्यकाचा माणूस नाही, तत्त्वज्ञानाचा आहे. त्यामुळे औषध सांगणार नाही. पुरावा कसा तपासावा, एवढंच बोलणार आहे.

त्यासाठी आपल्याच न्यायशास्त्रातलं एक हत्यार घेऊ. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं आपण अनुमान करतो. धूर हा हेतू, अग्नी हे साध्य. पण हे अनुमान उभं राहतं ते व्याप्तीवर, म्हणजे जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, या नियमावर. आणि नुसता अन्वय पुरत नाही, व्यतिरेकही लागतो. स्वयंपाकघरात चूल पेटलेली असते तेव्हा धूर दिसतो. तळ्यात अग्नी नसतो आणि धूरही नसतो. दोन्ही बाजू तपासायच्या. मलाची परीक्षा म्हणजे असंच अनुमान आहे. दिसतो मल, सांगायचं असतं शरीराबद्दल.

आपल्याकडे हे अनुमान फार जुनं आहे. चरकसंहितेत ग्रहणीच्या प्रकरणात आम आणि पक्व मल ओळखायची रीत दिली आहे : आम मल पाण्यात बुडतो, पक्व मल तरंगतो. तिथेच लगेच अपवादही नोंदवले आहेत. मल फार पातळ असेल किंवा त्यात कफ असेल, तर ही खूण धरू नये. मला या अपवादांचं अप्रूप वाटतं. हेतू कुठे फसतो हे सांगणारा माणूस व्याप्तीचा विचार करत असतो. पुढे योगरत्नाकरात नाडी, मूत्र, जिव्हा, नेत्र अशा आठ परीक्षांमध्ये मल मोजला आहे. आठांपैकी एक, हेही लक्षात ठेवा.

आता हॉलंडमध्ये जाऊ. डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी अँटनी व्हॅन लेव्हेनहूक. स्वतःच्या हातानं भिंगं घासून त्यानं सूक्ष्मदर्शक बनवले. 1681 मध्ये त्याचं पोट बिघडलं, तेव्हा त्यानं स्वतःचाच मल भिंगाखाली धरला. त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले. आजचे अभ्यासक त्यांना जिआर्डिया म्हणून ओळखतात. पण खरी गंमत पुढे आहे. पोट नेहमीसारखं असतानाही त्यानं मल पाण्यात कालवून पाहिला. तेव्हा हे जीव सापडले नाहीत. मल पातळ झाला की दिसले. हा व्यतिरेक! ना पदवी, ना लॅटिनचं शिक्षण, पण दोन्ही बाजू तपासायची बुद्धी होती.

त्यानंतर दोनशे वर्षांनी रॉबर्ट कॉख कॉलऱ्याच्या मागावर इजिप्तमधून कलकत्त्याला आले. 1884 च्या सुरुवातीला त्यांनी कळवलं, की कॉलऱ्याच्या रुग्णांच्या आतड्यांत आणि मलात स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू सापडतो आणि इतर जुलाबांत सापडत नाही. इथून मलपरीक्षा हे प्रयोगशाळेचं काम झालं. पण म्युनिचचे माक्स फॉन पेटेनकोफर यांना हे पटेना. नुसत्या जंतूनं रोग होत नाही, माती, पाणी, हवा आणि माणसाची प्रकृती हेही लागतं, असा त्यांचा आग्रह. 1892 मध्ये, वयाच्या 73 व्या वर्षी, त्यांनी कॉलऱ्याच्या जंतूंचं द्रावण चक्क पिऊन दाखवलं. थोडे जुलाब झाले, कॉलरा काही झाला नाही. कॉलऱ्याला तो जंतू लागतोच, या मुद्द्यावर इतिहासानं कॉख यांना बरोबर ठरवलं. पण जंतू पोटात गेला म्हणजे माणूस गंभीर आजारी पडेलच असं नाही, ही पेटेनकोफर यांची बाजू शिल्लक राहिली.

ती बाजू किती महत्त्वाची आहे, हे न्यूयॉर्कमधल्या एका स्वयंपाकिणीच्या आयुष्यात दिसलं. मेरी मॅलन. ती ज्या घरांत काम करायची त्या घरांत टायफॉइड निघायचा. 1907 मध्ये आरोग्य खात्यानं तिला बळानं नेलं आणि मलाची तपासणी केली. टायफॉइडचे जंतू सापडले. बाई स्वतः ठणठणीत. आपल्याला कधी टायफॉइड झालाच नाही असं ती सांगत राहिली. तिनं आपले नमुने एका खासगी प्रयोगशाळेत पाठवले, तिथला निष्कर्ष आला की जंतू नाहीत. जंतू मलात रोज पडत नाहीत, म्हणून असं होऊ शकतं. जवळजवळ तीन वर्षं तिला बेटावर ठेवलं, 1910 मध्ये पुन्हा स्वयंपाकाचं काम न करण्याच्या अटीवर सोडलं. 1915 मध्ये ती एका इस्पितळात नाव बदलून स्वयंपाक करताना सापडली. मग 1938 मध्ये मृत्यू येईपर्यंत ती त्या बेटावरच राहिली.

इथे थोडं थांबू या. मेरीच्या मलानं कोणता प्रश्न सोडवला? 'हिच्यापासून दुसऱ्याला रोग होईल का?' याचं उत्तर होय असं मिळालं, आणि ते खरं होतं. 'ही आजारी आहे का?' या प्रश्नाचं उत्तर त्या तपासणीत नव्हतंच. एकाच नमुन्याला विचारलेले हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते मेरीला कोणी नीट समजावून सांगितले असते आणि पोटापाण्याची दुसरी सोय लावून दिली असती, तर कदाचित तिची हकीगत वेगळी झाली असती.

याच काळात युरोपात दुसरी टोकाची गोष्ट घडत होती. 1887 मध्ये पॅरिसचे शार्ल बुशार यांनी स्वविषबाधेची कल्पना मांडली. मल आतड्यात साचतो, कुजतो, त्याचं विष रक्तात जातं आणि सगळं शरीर बिघडतं. एली मेच्निकॉफ यांनी ती उचलली. हे लहान नाव नव्हे. 1908 चं नोबेल त्यांना मिळालं. आपल्या परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे ते हाफकिन यांचेच विद्यार्थी. मोठं आतडं माणसाला निरुपयोगी आणि घातक आहे, म्हातारपण तिथूनच येतं, असं मेच्निकॉफ यांचं मत. उपाय म्हणून ते आंबवलेलं दूध पीत. अमेरिकेत बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात जॉन हार्वे केलॉग एनिमा आणि दह्याचे प्रयोग करत. लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन त्याही पुढे गेले. सांधेदुखी, थकवा, उदासी या सगळ्यांचं मूळ बद्धकोष्ठात आहे असं मानून त्यांनी रुग्णांचं मोठं आतडंच कापून काढायला सुरुवात केली. लेन हाताचे अत्यंत कुशल होते. तरीही काही रुग्ण दगावले.

या कल्पनेत चूक कुठे होती? अन्वय होता. पोट साफ नसलं की डोकं जड होतं, हे खरंच. व्यतिरेक कोणी तपासला नव्हता. 1919 मध्ये वॉल्टर अल्वारेझ यांनी साधी शंका काढली. शौचाला झालं की डोकं लगेच हलकं होतं. विष रक्तात गेलं असतं तर इतक्या झटकन उतरलं असतं का? दारू काय बाटली दूर सारल्याबरोबर उतरते? त्याच सुमारास निरोगी माणसांच्या गुदाशयात कापसाचे बोळे ठेवून पाहिले गेले. तीच डोकेदुखी, तीच बेचैनी, आणि कापसात विष कुठलं! म्हणजे त्रास खरा होता, पण कारण ताण हे होतं. हेतू खरा आणि साध्य भलतंच.

आता आपल्या काळात येऊ. आतडी आणि बाकी शरीर यांचा संबंध आहे, यात आज शंका नाही. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचे जुलाब पुन्हा पुन्हा उलटतात. अशा रुग्णांना निरोगी माणसाच्या मलातले जंतू दिले, तर नेहमीच्या अँटिबायोटिकपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण बरे होतात, हे 2013 मध्ये नेदरलंड्समधल्या चाचणीत दिसलं. मलातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी तपासणी घ्या. अमेरिकेत मिनेसोटा इथे 50 ते 80 वयाच्या 46,551 लोकांवर तिचा अभ्यास झाला. 1993 मध्ये निष्कर्ष आला : दरवर्षी तपासणी करणाऱ्या गटात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू 33 टक्क्यांनी कमी. इथे व्याप्ती तपासलेली आहे, प्रश्न नेमका आहे आणि उत्तरानंतर काय करायचं तेही ठरलेलं आहे.

दुसरीकडे, घरपोच डबी येते, नमुना पाठवायचा, आणि रंगीत रिपोर्ट येतो. तुमचे चांगले जंतू इतके, वाईट इतके, आरोग्याचा गुणांक अमुक. अमेरिकेतल्या मोठ्या सूक्ष्मजीव प्रकल्पानं 2012 मध्ये 242 निरोगी माणसांचे नमुने पाहिले, तर निरोगी माणसांच्या जंतूंमध्येच एकमेकांत प्रचंड फरक. मग गुणांक कोणाशी ताडून काढायचा? तळ्यावरसुद्धा धूर दिसत असेल, तर धुरावरून अग्नी कसा सांगणार? न्यायशास्त्रात याला सव्यभिचार हेतू म्हणतात. उद्या पुरेसा अभ्यास होऊन व्याप्ती सापडेलही. आज त्या आकड्यावरून जेवणातले चार पदार्थ बंद करणं आणि महागडी पूड सुरू करणं, ही लेन यांचीच वाट आहे, फक्त सुरी नाही.

माझी काळजी वेगळीच आहे. असा गुणांक चांगला आला म्हणून निर्धास्त झालेला माणूस शौचातून पडणारं रक्त मूळव्याध समजून अंगावर काढतो. लाजेपायी घरातही बोलत नाही. रक्त पडणं, कारण नसताना वजन उतरणं, शौचाची सवय अचानक बदलणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांकडे जा. आणि कोणतीही तपासणी करताना त्यांना तीन गोष्टी विचारा. ही कोणत्या एका प्रश्नाचं उत्तर देते? निरोगी माणसांत हीच खूण किती वेळा दिसते? उत्तर आल्यावर आपण वेगळं काय करणार? तिन्हींची उत्तरं मिळाली, तर खुशाल डबी भरून द्या.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ, आणि या विषयावर तरी संकोच नको.