अकरावीचे विषय : विज्ञान की मानसशास्त्र?

शेगाव : गावातच १९८३ पासून श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय असल्याने येथे दहावीनंतर गणिताकडे ओढा असणे स्वाभाविक आहे. मात्र मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्यांनी एक भेद ध्यानात घ्यावा. मनोविकारतज्ज्ञ हा आधी एमबीबीएस डॉक्टर असतो. त्यासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि 'नीट' परीक्षा अनिवार्य. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही. मानसशास्त्रातील उच्च शिक्षणानंतर त्याला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ही वाट कला शाखेतूनही खुली आहे आणि त्यासाठी बारावीला मानसशास्त्र असणे सहसा सक्तीचे नसते. जीवशास्त्र सोडलेल्यांना बारावीनंतर तो विषय अतिरिक्त म्हणून उत्तीर्ण होऊन 'नीट' देण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये दिली. त्यात वेळ जातो, हे मात्र खरे.