लाल पोटाचा करडा ट्रॅक्टर

अमेरिकेच्या ईशान्य भागात, व्हरमाँट, मेन किंवा न्यू यॉर्क राज्याच्या उत्तर पट्ट्यात, पाच-दहा एकर झाडीची जमीन घेणाऱ्या माणसाला वर्ष उलटायच्या आत ट्रॅक्टर लागतो. पीक काढायचे नसते. वाऱ्याने पडलेले मेपल आणि ओक ओढून आणायचे असतात, हिवाळ्याचे जळण रचायचे असते, रानवाटेवर माजलेली झुडपे कापायची असतात आणि दारातला बर्फ सारायचा असतो. नवा ट्रॅक्टर परवडत नाही, म्हणून जुन्याची शोधाशोध सुरू होते. मग शेजारी, गावचा मेकॅनिक, लिलावाला नेमाने जाणारा म्हातारा शेतकरी असे सगळे ज्या यंत्राचे नाव आधी घेतात, ते बनायचे १९५२ सालीच थांबले आहे. ते यंत्र म्हणजे फोर्ड ८एन. वरचा पत्रा फिकट करडा, खालचे इंजिन आणि गिअरबॉक्स लाल. ‘रेडबेली’, म्हणजे लाल पोटाचा, हे त्याचे तिथले लाडके नाव.

सत्तर वर्षांपूर्वीचे हे यंत्र आजही झाडीत का राबते आणि कुठे दगा देते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच इतिहासात आहे. तो इतिहास सुरू होतो पलटी होणाऱ्या ट्रॅक्टरपासून.

१९१७ साली हेन्री फोर्डने फोर्डसन बाजारात आणला. त्याला वेगळी चौकट नव्हती. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल यांची ओतीव घरे एकमेकांना बोल्टने जोडली की तोच ट्रॅक्टरचा सांगाडा. त्यामुळे तो हलका झाला आणि स्वस्तही. १९२२ साली त्याची किंमत ३९५ डॉलरपर्यंत खाली आली आणि घोड्यांवर शेती करणाऱ्या लहान शेतकऱ्याच्याही तो आवाक्यात आला. नांगर मात्र बैलाला जुंपावा तसा मागे ओढला जाई. फाळ खडकात किंवा मुळात अडकला की मागची चाके जागीच थांबत, पण इंजिनाचा जोर थांबत नसे. चाके फिरेनात तर ट्रॅक्टरच त्यांच्याभोवती फिरू पाहे. पुढची चाके उचलली जात आणि दोन-एक सेकंदांत यंत्र चालकाच्या अंगावर उलटे पडे. अशा अपघातांत कितीतरी शेतकरी प्राणाला मुकले.

हा दोष दूर करणारा माणूस आयर्लंडचा होता. हॅरी फर्ग्युसन १८८४ साली काउंटी डाउनमधल्या एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. बेलफास्टमध्ये त्याचा मोटारींचा धंदा होता, आणि १९०९ साली स्वतः बांधलेले विमान उडवून आयर्लंडमधला पहिला वैमानिक होण्याचा मान त्याने मिळवला होता. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई झाली, तेव्हा ट्रॅक्टरची नांगरणी सुधारण्याचे काम सरकारने त्याच्याकडे दिले. शेतोशेत हिंडल्यावर त्याच्या ध्यानात आले की खोट ट्रॅक्टरमध्ये कमी आणि नांगर जोडण्याच्या रीतीत जास्त आहे.

पुढची बरीच वर्षे त्याने त्या जोडणीवर घालवली. तिचे शेवटचे रूप महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेतकऱ्याने रोज हाताळलेले आहे. खाली दोन बाहू, वर मधोमध एक दांडा, म्हणजे टॉप लिंक, आणि तिन्ही टोकांना अडकवलेले अवजार. नांगर जमिनीत चालताना खालचे बाहू त्याला ओढतात, तर वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो. त्या रेट्याने पुढची चाके जमिनीला धरून राहतात. नांगराचे आणि त्यावरच्या मातीचे ओझे मागच्या चाकांवर येते, त्यामुळे हलक्या ट्रॅक्टरचीही पकड वाढते. जमीन कठीण लागली की टॉप लिंकवरचा दाब वाढतो, तो हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतो आणि नांगर आपसूक थोडा वर येतो. फर्ग्युसनने वजन वाढवले नाही. आहे ते वजन जिथे हवे तिथे आणले.

१९३६ साली इंग्लंडच्या हडर्सफिल्ड गावात डेव्हिड ब्राउनच्या कारखान्यात असे ट्रॅक्टर बनू लागले, पण ते महाग पडत. जेमतेम १,३५०च्या आसपास बनले. १९३८च्या शरद ऋतूत फर्ग्युसन आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत डिअरबॉर्नला हेन्री फोर्डच्या घरी गेला. शेतात प्रात्यक्षिक दाखवले, चावीच्या छोट्या नमुन्यावर तत्त्व समजावून दिले. दोघांनी हात मिळवले आणि सौदा पक्का झाला. कागदावर काहीच उतरले नाही.

जून १९३९मध्ये फोर्ड ९एन लोकांपुढे आला. किंमत ५८५ डॉलर. नावातला ९ म्हणजे १९३९. दुसऱ्या महायुद्धात रबर आणि तांबे मिळेनासे झाले, तेव्हा १९४२ साली २एन निघाला. त्यातले काही लोखंडी चाकांवर, बॅटरीऐवजी मॅग्नेटोवर चालत. मग हेन्री फोर्डच्या नातवाने हस्तांदोलनाचा तो सौदा मोडला आणि १९४७ साली फर्ग्युसनला वगळून ८एन आणला. जोडणी मात्र तीच राहिली. फर्ग्युसनने पंचवीस कोटी डॉलरहून अधिक रकमेचा दावा लावला. १९५२ साली ९२.५ लाख डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान तो स्वतः स्वस्थ बसला नव्हता. १९४६पासून कोव्हेंट्री शहरात त्याचा टीई२० बनत होता. हा छोटा करडा ट्रॅक्टर दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक विकला गेला. जानेवारी १९५८मध्ये एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो पट्टे चढवलेल्या याच फर्ग्युसन ट्रॅक्टरांवर.

८एन सव्वापाच लाखांच्या आसपास बनले, आणि जुन्या बाजारातला त्याचा मान बराचसा या आकड्यावर उभा आहे. इतके ट्रॅक्टर खेड्यापाड्यांत पसरले की सुटे भाग बनवणाऱ्यांचा धंदा कधी बंद पडला नाही. कार्ब्युरेटर, ब्रेकचे पट्टे, स्टिअरिंगचे भाग आजही नवे मिळतात. घरच्या अंगणात, साध्या पान्यांनी, हा ट्रॅक्टर पुरता खोलून पुन्हा बसवता येतो.

तो शेतातून झाडीत आला त्याला शेतीतला बदल कारण झाला. १९३५ साली अमेरिकेत ६८ लाख शेते होती. १९७४पर्यंत २३ लाखच उरली. शेते मोठी होत गेली तसा २५ एचपीचा ट्रॅक्टर मक्याच्या शेकडो एकरांना अपुरा पडू लागला. म्हातारे शेतकरी निवृत्त झाले, त्यांच्या अंगणात लिलाव झाले, आणि शहरातल्या नोकरीवर जगून झाडीत घर बांधणाऱ्या माणसाने ते ट्रॅक्टर उचलले. १९७३च्या तेलटंचाईनंतर घरे उबवायला पुन्हा लाकडाच्या शेगड्या आल्या आणि जळण ओढणाऱ्या यंत्राची गरज वाढली. बुटका, अरुंद, गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंना पाय सोडून बसायचा हा ट्रॅक्टर फांद्यांखालून सहज जाई.

असा ट्रॅक्टर पाहायला गेलेला जाणकार रंगाकडे पाहत नाही, कारण रंग नवा असू शकतो. तो इंजिनाच्या डाव्या बाजूला ठोकलेला क्रमांक चिंधीने पुसून वाचतो. ८एनचा क्रमांक ‘८एन’ने सुरू होतो, ९एन आणि २एन या दोघांचाही ‘९एन’ने. मग पायांकडे नजर. ८एनमध्ये दोन्ही ब्रेक उजव्या पायाशी आले आणि गिअर तीनाचे चार झाले, म्हणून झाडांमध्ये वळायला तोच बरा. मग तेल. गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि मागचा अ‍ॅक्सल यांचे तेल एकच असते. ते ताकासारखे पांढुरके दिसले की पाणी शिरले आहे असे समजायचे. शेवटी लिफ्ट. जड अवजार अडकवून उचलायचे, इंजिन बंद करायचे आणि पाहत राहायचे. ते भराभर खाली बसले, तर लिफ्टच्या कामाचा खर्च किमतीत धरायचा.

एक खोट मात्र पाहून कळत नाही, कारण ती मुळातली आहे. एन मालिकेच्या पीटीओला, म्हणजे मागच्या अवजाराला इंजिनाची फिरती ताकद देणाऱ्या शाफ्टला, स्वतःचा वेगळा क्लच नाही. मागे झुडपे कापायचे जड पाते फिरत असले आणि चालकाने क्लच दाबला, तरी पात्याची गती शाफ्टमधून उलटी गिअरबॉक्समध्ये शिरते आणि ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहते. समोर झाड असते. शाफ्टवर एकाच दिशेने जोर पोहोचवणारी कपलिंग बसवली की हा धोका टळतो. ती स्वस्तात मिळते, आणि तिच्याशिवाय हे काम करू नये.

विकणाऱ्याच्या शब्दावर किती विसंबायचे, हा प्रश्न तर १९५२च्याही आधीचा. मिनिआपोलिसच्या एका कंपनीने फोर्ड आडनावाचा माणूस हाताशी धरून ‘फोर्ड’ नावाचा ट्रॅक्टर विकला. हेन्री फोर्डचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. नेब्रास्काचा शेतकरी विल्मट क्रोझियर त्या नावाला भुलला आणि वैतागला. पुढे त्याने रुमली कंपनीचा ट्रॅक्टर घेतला, तो सांगितल्यापेक्षा जास्त काम करी. क्रोझियर राज्याच्या विधिमंडळात निवडून आला आणि १९१९ साली त्याने कायदा करून घेतला. नेब्रास्कात विकायचा ट्रॅक्टर आधी राज्याच्या विद्यापीठात तपासला जाईल आणि त्याची खरी ताकद छापली जाईल, असा तो कायदा. तपासण्या १९२०पासून सुरू झाल्या. जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याला आजही त्या अहवालांत दशकांपूर्वीच्या मॉडेलचा खरा आकडा सापडतो.

१९७०च्या दशकात जपानी ट्रॅक्टर आले. कुबोटाने १९७२ साली अमेरिकेत कंपनी काढली. छोटे डिझेल इंजिन, पुढच्या चाकांनाही जोर, आखूड बांधा, असे हे यंत्र भातखाचरासाठी घडलेले होते, पण ओल्या रानवाटेवरही तितकेच चपखल बसले. त्यामागोमाग दुसरा ओघ आला. जपानमधल्या शेतकऱ्यांनी वापरून काढलेले ट्रॅक्टर व्यापारी बोटीने आणून स्वस्तात विकू लागले. त्यांवरच्या सूचना जपानीत असत, सुरक्षेची साधने वेगळी असत, आणि दिसायला तेच असले तरी अमेरिकेतल्या विक्रेत्याकडचे भाग त्यांना बसतीलच असे नव्हते. प्रकरण कोर्टात गेले आणि १९९९ साली कुबोटाच्या बाजूने निकाल लागला. पण आधी आलेले ट्रॅक्टर खेड्यापाड्यांत राहिलेच. म्हणून तिथले मेकॅनिक जपानी ट्रॅक्टर घेणाऱ्याला आधी विचारतात, भाग कुठून आणणार?

फर्ग्युसनची जोडणी भारतातही पोहोचली. फर्ग्युसनच्या वारसदार कंपनीशी करार करून १९६० साली मद्रासमध्ये टॅफे उभी राहिली. १९६३ साली महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या जोडीने बी-२७५ हा ब्रिटिश आराखड्याचा ट्रॅक्टर आणला आणि मुंबईच्या कांदिवलीत तो बनू लागला. १९९४ साली महिंद्राने अमेरिकेत कंपनी काढली, तेव्हा तिची गिऱ्हाइके बहुतेक अशीच होती. थोडी जमीन, थोडी झाडी आणि मर्यादित पैसा असलेली. नाशिकच्या द्राक्षबागेत चालणाऱ्या मिनी ट्रॅक्टरमागेही फर्ग्युसनचीच तीन टोके असतात.

झाडीत ट्रॅक्टर चालवणाऱ्याने या इतिहासातले एक कलम तरी पक्के लक्षात ठेवायला हवे. फर्ग्युसनची जोडणी पलटीपासून वाचवते ती तिन्ही टोकांना अवजार अडकवलेले असेल तेव्हाच. ओंडक्याची साखळी टॉप लिंकच्या जागी किंवा अ‍ॅक्सलच्या वर बांधली आणि ओंडका खुंटाला अडला, तर ८एनही जुन्या फोर्डसनसारखाच मागे उलटतो. साखळी नेहमी खाली, मागच्या ओढपट्टीला, म्हणजे ड्रॉबारलाच बांधायची. उतारावर बाजूला कलंडण्याचा धोका निराळाच.

या दोन्ही धोक्यांवर इलाज सापडला तो ८एन बंद झाल्यावर. चालकाच्या पाठीमागे उभी राहणारी पोलादी कमान ट्रॅक्टर उलटला तरी माणसाला चिरडू देत नाही. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर ती सक्तीची केली. अमेरिकेत १९७६ साली मजुरांच्या सुरक्षेसाठी नियम आला, पण घरच्या घरी ट्रॅक्टर चालवणारा त्यात येत नव्हता. तिथल्या कारखान्यांनी १९८५पासून नव्या ट्रॅक्टरांवर ती सरसकट बसवायला सुरुवात केली. म्हणजे जुन्या बाजारात सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत आवडते जे ट्रॅक्टर आहेत, ते कमानीविना जन्मले आहेत.

सपाट जागेवर गवत कापायला आणि वाट मोकळी ठेवायला ८एन आजही चांगला सौदा आहे. उतार आणि ओंडके असतील तर थोडे जास्त पैसे घालून १९८५नंतरचा, कमान असलेला ट्रॅक्टर घ्यावा. आणि मन लाल पोटाच्या ट्रॅक्टरवरच जडले असेल, तर किमतीत कमानीचा खर्च आधी धरावा. ८एनला बसणाऱ्या कमानी तयार झाल्या आहेत, आणि जुन्या ट्रॅक्टरवर कमान बसवणाऱ्याला खर्चाचा मोठा भाग परत देणारी योजना न्यू यॉर्क राज्यात २००६ साली सुरू झाली. कमानीबरोबर सीटचा पट्टाही येतो. तो बांधलेला असेल तरच माणूस कमानीच्या आत राहतो.