उत्पन्न घटलं तर पोटगी कमी होते का?

शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे रत्नागिरी तालुक्यातलं जयगड आहे. इथे किल्ला आहे, मोठं खासगी बंदर आणि वीजप्रकल्प आहे, आणि या सगळ्यांच्या आधीपासून चालत आलेली मासेमारी आहे. पावसाळ्यात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते आणि जून-जुलैत बोटी किनाऱ्याला लागतात. खलाशाला अनेकदा ठरलेला पगार नसतो, मासळीच्या विक्रीतला वाटा मिळतो. पोटगीचा आदेश मात्र दरमहा ठरावीक रकमेचा असतो.

समजा, अशा एका खलाशाला पत्नी आणि मुलीसाठी दरमहा ८,००० रुपये देण्याचा आदेश झाला आहे. दोन हंगाम वाईट गेले, मालकाने बोट विकली आणि तो रोजंदारीवर जाऊ लागला. ८,००० झेपेनात म्हणून तो ३,००० देऊ लागला. परिस्थितीच बदलली, त्याला कोण काय करणार, असं त्याला वाटतं. कायद्याच्या हिशेबात मात्र दर महिन्याला ५,००० रुपये थकत असतात. वर्षाचे झाले ६०,००० रुपये. तिकडे मुलीची शाळेची फी आणि घरभाडं थांबलेलं नसतं.

आदेश आपोआप बदलत नाही

पोटगीच्या प्रकरणांत सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच आहे. उत्पन्न घटलं म्हणून आदेशातली रक्कम घटत नाही, ती न्यायालयाकडून बदलून घ्यावी लागते. तशी तरतूद कायद्यात आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मिळे आणि कलम १२७ खाली ती बदलता येई. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात हीच कलमं अनुक्रमे १४४ आणि १४६ आहेत. घटस्फोटाच्या वेळी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली पोटगी ठरली असेल, तर त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाखाली अर्ज होतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा आदेशही बदललेल्या परिस्थितीत फिरवता येतो. आदेश ज्या कायद्याखाली झाला त्याच कायद्याखाली, सहसा त्याच न्यायालयात जायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मुस्लिम मच्छीमार कुटुंबंही आहेत. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही कलम १२५ खाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा स्पष्ट केलं आहे.

न्यायालय काय तपासतं?

पहिला प्रश्न असतो, उत्पन्न खरंच घटलं की घटवलं? शमीमा फारूकी खटल्यात लष्करातला पती निवृत्त झाला म्हणून उच्च न्यायालयाने ४,००० रुपयांची पोटगी २,००० वर आणली होती. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा ४,००० केली. २०२२ च्या अंजू गर्ग खटल्यात पतीचं म्हणणं होतं की धंदा बंद पडला, आता उत्पन्नच नाही. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना, बायको-मुलांना सांभाळलं पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं. मुलाच्या ६,००० रुपयांखेरीज पत्नीला १०,००० रुपये देण्याचा आदेश झाला.

मग रक्कम कमी होतच नाही का? होते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच एका डॉक्टरची पोटगी २३,००० वरून २०,००० केली, कारण त्याने पुन्हा लग्न केलं होतं आणि नव्या संसाराची जबाबदारीही त्याच्यावर होती. मात्र या निकालांकडे एकत्र पाहिलं की न्यायालयाचा कल लपत नाही. ‘नोकरी गेली’ एवढं म्हणून भागत नाही. का गेली आणि त्यानंतर काय प्रयत्न केले, हेही दाखवावं लागतं.

जयगडच्या खलाशाची अडचण इथे आणखी वाढते. पावसाळी बंदी दरवर्षी येते, ती अचानक ओढवलेली नसते. त्यामुळे जून-जुलैची मोकळी पासबुकं दाखवून बाजू भक्कम होणं कठीण. बोट विकली गेल्याचे कागद, मच्छीमार सोसायटीकडची मासळीची किंवा डिझेलची नोंद, दोन-तीन वर्षांची बँक खाती, रोजंदारीचा पुरावा यांना वजन असतं. आणि बोट स्वतःच्या किंवा भावाच्या नावावर उभी असेल, तर समोरचा वकील आधी तिच्याबद्दलच विचारणार.

नागपूरहून आलेला निकाल

या विषयावरचा आजचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच प्रकरणातून आला आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने २०१५ मध्ये पत्नीला दरमहा १५,००० रुपये अंतरिम पोटगी आणि मुलासाठी वेगळी रक्कम ठरवली. नागपूर खंडपीठाने तो आदेश कायम ठेवला. पती सर्वोच्च न्यायालयात गेला. आपण बेरोजगार आहोत, हे त्याचं म्हणणं होतं. ४ नोव्हेंबर २०२० च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालात १५,००० ची रक्कम कायम राहिली आणि थकबाकी १२ आठवड्यांत भरायला सांगितलं गेलं.

या निकालाने देशभरासाठी नियम घालून दिले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. दोन कायद्यांखाली दोन आदेश असतील तर एकातली रक्कम दुसऱ्यात धरायची. आणि दोघांनीही मालमत्ता, उत्पन्न, कर्ज, खर्च यांचं शपथपत्र द्यायचं. या शपथपत्राचा शेती करणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. खोटी माहिती दिली तर वेगळी कारवाई होऊ शकते. पत्नीलाही आपली कमाई लपवता येत नाही, हे इथे अनेकांच्या नजरेतून सुटतं.

थकली तर?

थकबाकीसाठी न्यायालय वॉरंट काढू शकतं. त्यानंतरही रक्कम दिली नाही, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तुरुंगात जाऊन आलं की हिशेब मिटला, हा समज तर पार चुकीचा आहे. कैद ही वसुलीची पद्धत आहे, तिने देणं फिटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये कुलदीप कौर खटल्यात म्हटलं आहे. बोटीच्या कर्जाचे हप्ते आधी आणि पोटगी नंतर, हा युक्तिवादही टिकणं अवघड आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या थकबाकीला वित्तसंस्थांच्या देण्यांपेक्षा अग्रक्रम दिला.

म्हणून वरच्या उदाहरणातल्या खलाशाने बोट विकली गेली त्याच महिन्यात अर्ज करायला हवा होता. निकाल लागेपर्यंत जमेल तेवढी रक्कम बँकेतून, नोंद राहील अशी द्यायला हवी होती. हातात दिलेल्या रोख पैशांची पावती सहसा कुणाकडेच नसते. अर्जाआधीची थकबाकी या अर्जाने पुसली जाईल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, पुरुषांना सर्वसाधारणपणे उत्पन्नाची मर्यादा लागू होते. १५१०० ही देशभराची मदतवाहिनी आहे. कलम १४६ चा अर्ज पत्नीही करू शकते. मुलगी दहावी होऊन रत्नागिरीला कॉलेजात जाऊ लागली, भाडं आणि फी वाढली, तर रक्कम वाढवून मागण्याचा रस्ताही हाच आहे.