रॉबर्ट फोक आणि चुनखडकांची नावे

अमेरिकी भूवैज्ञानिक रॉबर्ट लुई फोक (१९२५–२०१८) यांनी पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात पॉल क्रायनाइन यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. १९५२ साली ते ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात शिकवू लागले आणि अखेरपर्यंत तिथलेच राहिले.

त्या काळी चुनखडकांची विभागणी मुख्यतः दाण्यांच्या जाडीवरून होई. त्यातून खडक कसा घडला याचा फारसा पत्ता लागत नसे. फोक यांनी १९५९ मध्ये वेगळी पद्धत मांडली. चुनखडकाच्या पातळ कापात सूक्ष्मदर्शकाखाली तीन गोष्टी पाहायच्या. पहिली म्हणजे दाणे: जीवाश्मांचे तुकडे, माशांच्या अंड्यांसारखे गोल ऊइड, प्राण्यांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या किंवा समुद्रतळाच्या अर्धवट घट्ट झालेल्या गाळाचे तुटलेले खंड. दुसरी, काही मायक्रॉन जाडीच्या कणांचा चुन्याचा चिखल. याला त्यांनी ‘मायक्राइट’ म्हटले. तिसरी, दाण्यांमधल्या पोकळ्यांत मागाहून वाढलेले स्वच्छ कॅल्साइटचे स्फटिक, म्हणजे स्पार. चिखल जागीच राहिला असेल तर पाणी संथ होते. लाटांनी तो धुऊन नेला असेल तर रिकाम्या जागी स्पार भरतो. दाणे आणि त्यांमधला भराव यांची नावे जोडून खडकाचे नाव बनते. म्हणून ‘ऊस्पराइट’ म्हटले की खळाळते उथळ पाणी आणि ‘बायोमायक्राइट’ म्हटले की सहसा शांत तळ डोळ्यांपुढे येतो.

१९६२ मध्ये रॉबर्ट डनहॅम यांनी दाणे एकमेकांवर टेकले आहेत की चिखलात विखुरले आहेत, या कसोटीवर दुसरे वर्गीकरण दिले. डोंगरात भिंग घेऊन फिरणाऱ्याला तेच सोयीचे पडते. प्रयोगशाळेत मात्र फोक यांची नावे अधिक बोलकी ठरतात.

वाळूच्या अभ्यासातही त्यांचे नाव टाळता येत नाही. टेक्ससमधील ब्राझोस नदीच्या एका वाळूपट्ट्यावर विल्यम वॉर्ड यांच्यासह १९५७ मध्ये लिहिलेल्या निबंधातील सरासरी जाडी, विलगता आणि विषमता काढण्याची सूत्रे कोकण-गोव्याच्या पुळणींच्या अभ्यासातही वापरली जातात.

निवृत्तीनंतरचे प्रकरण वादाचे आहे. इटलीतील व्हिटर्बोजवळच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या ट्रॅव्हर्टाइनमध्ये (झऱ्यांनी साचवलेल्या चुनखडकात) इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना ०.१ मायक्रॉनच्या आसपासचे गोलक दिसले. हे जीवाणूच असून खनिजे साकळण्यात त्यांचा मोठा वाटा आहे, असे त्यांनी १९९० च्या दशकात ठामपणे मांडले. एवढ्याशा जागेत पेशीची यंत्रणा मावणार कशी, हा जीवशास्त्रज्ञांचा आक्षेप होता. तो आजवर खोडला गेलेला नाही, आणि बहुतेक संशोधक त्या गोलकांना सजीव मानत नाहीत. फोक यांनी मत सोडले नाही. या वादानंतरही २००० साली अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेने त्यांना पेनरोज पदक दिले.

त्यांचा खरा ठसा अध्यापनात आहे. वर्गातल्या टिपणांतून वाढलेले ‘पेट्रॉलॉजी ऑफ सेडिमेंटरी रॉक्स’ हे पुस्तक ऑस्टिनच्या हेम्फिल प्रकाशनाने काढले. विनोदाचे त्यांना वावडे नव्हते, पण विद्यार्थ्यांना सराव चुकवायची मुभा नव्हती. टेक्सस विद्यापीठाने हे पुस्तक आता इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहे.