रान खाटकाचं कूळ

बीड जिल्ह्यात पाटोद्याकडच्या बालाघाटी माळावर खाटीक शोधावा लागत नाही. बाभळीच्या शेंड्यावर नाहीतर विजेच्या तारेवर, साळुंकीएवढा, डोळ्यावरून काळी पट्टी गेलेला एकटा पक्षी दिसला, की तो राखी खाटीक. खाली नाकतोडा हलला की झेप घेतो. सरडा, उंदराचं पिल्लूही त्याला वर्ज्य नाही. शिकार काट्याला खोचून ठेवतो, म्हणून खाटीक. कर्नल साइक्सने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, तेव्हा याच्या शास्त्रीय नावात ‘लाहटोरा’ हे देशी नावच ठेवलं. साहेबाने एवढं बरं केलं.

त्याच जिल्ह्यातला रान खाटीक विरळ झाडीत राहतो. चिमणीहून थोडा मोठा, मातकट राखी, भुवई पांढरी. जोडीने किंवा लहान टोळीने साली-पानांतले किडे टिपत फिरतो. घरटं म्हणजे फांदीच्या बेचक्यात, कोळ्याच्या जाळ्याने सांधलेली सालीच्या धाग्यांची वाटी. नजर शेजारून गेली तरी ती सालीचाच उंचवटा वाटते. काट्यावर शिकार टांगण्याशी याचा काही संबंध नाही. चोचीचं टोक आकड्यासारखं आणि डोळ्यामागे गडद पट्टा, एवढ्यावर तो खाटीक ठरला.

त्याआधी १७८९ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ ग्मेलिनने त्याला पुद्दुचेरीच्या नावाने माशीमारांत घातलं होतं. पुढे बराच काळ तो निखार पक्ष्यांच्या गोतात मोजला गेला. चोच बघून कूळ ठरवायचं म्हटलं की असं होणारच. एकविसाव्या शतकात डीएनए तपासल्यावर त्याचे जवळचे भाऊबंद निघाले ते थेट मादागास्करचे वांगा पक्षी. त्या एका कुळात कुणाची चोच शिरस्त्राणासारखी फुगलेली, तर कुणाची विळ्यासारखी वाकडी!

राखी खाटीक मात्र कावळ्यांच्या बाजूचा निघाला. आफ्रिकेत झुडपांत दडून राहणारे, खाटकाचंच नाव मिळालेले पन्नासेक जातींचे पक्षी आहेत. त्यांतल्या बूबूची नर-मादी अशा जुगलबंदीने गातात, की ऐकणाऱ्याला एकच पक्षी वाटावा. तेही खऱ्या खाटकांपेक्षा रान खाटकाला जवळचे. याच गोतावळ्यात बीडमधला आणखी एक पक्षी येतो, बाभळी-लिंबांत शीळ घालणारा पिवळा सुभग. त्याला खाटीक म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नाही. त्याची चोच सरळ आहे ना!