पास्काकाळ

पास्काकाळ (पुनरुत्थानकाळ किंवा ईस्टरकाळ) हा रोमन कॅथलिक उपासना वर्षातील सर्वांत महत्त्वाचा कालखंड होय. येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या रविवारी म्हणजे ईस्टरला त्याचा आरंभ होतो आणि पन्नासाव्या दिवशी, पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या म्हणजे पेन्टेकॉस्टच्या सणाला समाप्ती होते. हे पन्नास दिवस सुटे न मानता एकच सण, किंबहुना एकच ‘महा-रविवार’ मानावा अशी चर्चची अधिकृत भूमिका आहे. ही कल्पना चौथ्या शतकातील आलेक्झांड्रियाचे महागुरू संत अथानासियुस यांच्यापर्यंत मागे जाते. याच काळात अनेक संतांचे स्मरणदिन येतात. त्या दिवशी पुनरुत्थानाच्या सोहळ्याला अग्रमान द्यावा की संताला, या प्रश्नाभोवती कॅथलिक पंचांगाचा बराचसा इतिहास घडला आहे.

नाव आणि उगम

‘पास्का’ हा शब्द हिब्रू ‘पेसाह’ या शब्दापासून आला. इजिप्तच्या दास्यातून झालेल्या सुटकेच्या स्मरणार्थ यहुदी लोक जो सण पाळतात, त्याला मराठी बायबलमध्ये वल्हांडण म्हटले आहे. शुभवर्तमानांनुसार येशूला क्रुसावर खिळले ते याच सणाच्या सुमारास. त्यामुळे आरंभीच्या ख्रिस्ती समाजाने मरण आणि पुनरुत्थान या दोन्ही घटनांकडे नव्या सुटकेचा सण म्हणून पाहिले. ‘पेन्टेकॉस्ट’ या ग्रीक शब्दाचा अर्थ पन्नासावा असा आहे. आज तो एका दिवसाचे नाव असला, तरी दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतील तेर्तुलियनसारखे लेखक संपूर्ण पन्नास दिवसांना तेच नाव देत. या दिवसांत उपवास करू नये व प्रार्थना उभ्याने करावी, असा दंडक होता. इ.स. ३२५ च्या निकेआ परिषदेच्या विसाव्या नियमाने रविवारी आणि या पन्नास दिवसांत गुडघे टेकण्यास मनाई केली. गुडघे टेकणे हे पश्चात्तापाचे, तर उभे राहणे हे मरणातून उठलेल्या माणसाचे लक्षण, असा त्यामागचा विचार होता.

तारखेचा वाद

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते आणि तिच्यासोबत पास्काकाळाचे सर्व दिवस पुढेमागे सरकतात. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, असा साधा नियम आहे. त्यात ‘पौर्णिमा’ म्हणजे चर्चच्या कोष्टकांतील पौर्णिमा. आकाशातील प्रत्यक्ष पौर्णिमेपासून ती एखाद्या दिवसाने वेगळी असू शकते. या नियमानुसार ईस्टर २२ मार्चपूर्वी आणि २५ एप्रिलनंतर येऊ शकत नाही. भारतीय पंचांगाच्या भाषेत सांगायचे, तर ईस्टर साधारणतः फाल्गुन किंवा चैत्र पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो. २०२४ साली फाल्गुन पौर्णिमेनंतर ३१ मार्चला, तर २०२५ साली चैत्र पौर्णिमेनंतर २० एप्रिलला ईस्टर साजरा झाला.

हा नियम ठरण्यापूर्वी मोठा वाद झाला. आशिया मायनरमधील ख्रिस्ती समाज यहुदी निसान महिन्याच्या चौदाव्या तिथीला, मग वार कोणताही असो, पास्का पाळत असे; रोममध्ये मात्र रविवारचाच आग्रह होता. स्मिर्नाचे वृद्ध महागुरू संत पॉलिकार्प दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोमला गेले आणि पोप अनिसेतुस यांच्याशी त्यांची चर्चा झाली. दोघांपैकी कोणीही माघार घेतली नाही, तरी त्यांनी एकत्र उपासना करून सलोख्याने निरोप घेतला. पुढे पोप व्हिक्टर यांनी आशियातील चर्चशी संबंध तोडण्याची भाषा केली, तेव्हा लियाँचे महागुरू संत इरेनेयुस यांनी आधीच्या पिढीतील या सलोख्याचा दाखला देऊन त्यांना संयमाचा सल्ला दिला. २०२२ साली पोप फ्रान्सिस यांनी इरेनेयुस यांना ‘ऐक्याचे आचार्य’ ही पदवी दिली. निकेआ परिषदेने सर्वांनी एकाच रविवारी पास्का पाळावा असे ठरवले. गणिताच्या पद्धतींवरील मतभेद मात्र नंतरही चालू राहिले. इंग्लंडमध्ये तर रोमन आणि आयरिश गणनांचा निवाडा करण्यासाठी ६६४ साली व्हिटबी येथे धर्मसभा भरवावी लागली.

जुलियन पंचांगातील वर्ष सौरवर्षापेक्षा किंचित मोठे असल्याने सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात सुमारे दहा दिवस मागे सरकला होता. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली पंचांग सुधारले ते मुख्यतः ईस्टरची तारीख योग्य ऋतूत परत आणण्यासाठी. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर धरण्यात आला. आविलाची संत तेरेसा हिचे निधन नेमके त्याच रात्री झाले. तिचा स्मरणदिन आज १५ ऑक्टोबरला पाळला जातो. बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्च आजही जुलियन गणनेनुसार पास्का पाळतात. त्यामुळे दोन्ही परंपरांचा ईस्टर काही वर्षी एकाच दिवशी येतो, तर काही वर्षी त्यांत पाच आठवड्यांपर्यंत अंतर पडते. निकेआ परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली त्या २०२५ साली दोन्ही ईस्टर एकाच दिवशी आले.

रचना

पास्काकाळाची सुरुवात शनिवारी रात्रीच्या पास्का-जागरणाने होते. मध्ययुगात हा विधी हळूहळू मागे सरकत शनिवारी सकाळीच होऊ लागला होता. अंधारात पेटवायचा नवा अग्नी भर उन्हात पेटवला जाई आणि विधीचा अर्थच हरवे. पोप बारावे पायस यांनी १९५१ साली प्रायोगिक स्वरूपात तो पुन्हा रात्री आणला आणि १९५५ च्या पवित्र आठवड्याच्या सुधारणेत ही व्यवस्था कायम झाली. या रात्री नव्या अग्नीवर पास्का-मेणबत्ती पेटवतात. तिच्यावर क्रूस, आल्फा व ओमेगा ही ग्रीक अक्षरे आणि चालू वर्षाचे आकडे कोरलेले असतात; येशूच्या पाच जखमांच्या स्मरणार्थ तिच्यात धूपाचे पाच कण बसवण्याची प्रथा आहे. पेन्टेकॉस्टपर्यंत मेणबत्ती वेदीजवळ किंवा वाचनपीठाजवळ राहते. नंतर ती बाप्तिस्म्याच्या जागी हलवतात आणि वर्षभर बाप्तिस्म्याच्या व अंत्यविधीच्या वेळी पेटवतात.

पहिले आठ दिवस म्हणजे पास्का-अष्टक. यातील प्रत्येक दिवस प्रभूच्या महासोहळ्याच्या दर्जाचा असतो. अष्टकातील शुभवर्तमानांची वाचने पुनरुत्थित येशूच्या दर्शनांची आहेत: मंगळवारी कबरेजवळ रडणारी मारिया माग्दालेना, बुधवारी इम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्य, शुक्रवारी तिबेरिया सरोवराच्या काठी विस्तवावर भाजलेले मासे. अष्टकाच्या अखेरच्या रविवारी संशयी थोमाची कथा दरवर्षी वाचली जाते, कारण योहानच्या शुभवर्तमानात ती घटना आठ दिवसांनंतरचीच सांगितली आहे. प्राचीन काळी पास्काच्या रात्री बाप्तिस्मा घेतलेले नवख्रिस्ती आठवडाभर पांढरी वस्त्रे घालून रोज उपासनेला येत आणि त्यांना संस्कारांचा अर्थ समजावून सांगितला जाई. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमला गेलेल्या एगेरिया या यात्रेकरू स्त्रीच्या प्रवासवर्णनात अशा प्रवचनांचा उल्लेख येतो.

अष्टकाचा हा शेवटचा रविवार २००० सालापासून ‘दैवी दयेचा रविवार’ म्हणूनही ओळखला जातो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३० एप्रिल २००० रोजी पोलिश धर्मभगिनी फाऊस्तिना कोवाल्स्का यांना संतपद देताना ही घोषणा केली. स्वतः जॉन पॉल यांचे निधन २ एप्रिल २००५ रोजी, याच रविवारच्या पूर्वसंध्येला झाले आणि २७ एप्रिल २०१४ रोजी याच रविवारी तेविसावे जॉन यांच्यासह त्यांना संत घोषित करण्यात आले.

चौथा रविवार उत्तम मेंढपाळाचा रविवार असून १९६४ पासून त्या दिवशी धर्मपाचारणासाठी जगभर प्रार्थना केली जाते. चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, स्वर्गारोहणाचा महासोहळा येतो. अनेक देशांत तो पुढच्या रविवारी साजरा होतो. स्वर्गारोहण ते पेन्टेकॉस्ट या नऊ दिवसांत पवित्र आत्म्यासाठी नोव्हेना करतात. नऊ दिवसांच्या प्रार्थनेची ही प्रथा प्रेषितांनी मारियेसह जेरुसलेममध्ये केलेल्या प्रतीक्षेशी जोडली जाते.

दैनंदिन वाचने व चिंतन

दुसऱ्या वॅटिकन परिषदेनंतरच्या वाचनक्रमात पास्काकाळातील मिस्सामध्ये जुन्या कराराऐवजी ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातून पहिले वाचन घेतले जाते. रोजच्या शुभवर्तमानासाठी दुसऱ्या आठवड्यापासून योहानचे शुभवर्तमान असते: आधी निकोदेमाशी संवाद, मग जीवनाची भाकर, त्यानंतर मेंढपाळाचा दृष्टांत आणि शेवटी अखेरच्या भोजनाच्या वेळचे दीर्घ निरोपाचे भाषण. रविवारच्या दुसऱ्या वाचनासाठी तीन वर्षांच्या चक्रात अनुक्रमे पेत्राचे पहिले पत्र, योहानचे पहिले पत्र आणि प्रकटीकरण येते.

या क्रमामुळे दैनंदिन चिंतन लिहिणाऱ्या धर्मगुरूंपुढे एक कथानक आपोआप उभे राहते. स्तेफनाचा दगडांनी झालेला वध तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी वाचला जातो; त्याच आठवड्यात शुक्रवारी, त्या वधाला संमती देणाऱ्या शौलाचे दमास्कसच्या वाटेवर परिवर्तन होते. एकेका दिवसाचे वाचन सुटे घेतले, तर हा दुवा निसटतो. म्हणूनच या काळातील चांगले चिंतन आदल्या दिवशीचा धागा हातात ठेवून पुढे जाते.

संतांचे दिवस

संताचा सण साधारणतः त्याच्या मृत्यूच्या दिवशी ठेवतात, कारण चर्चच्या भाषेत तो त्याचा स्वर्गातील जन्मदिवस असतो. ईस्टरच्या तारखेच्या मर्यादांमुळे २५ एप्रिल ते १० मे हे दिवस कोणत्याही वर्षी पास्काकाळाबाहेर जात नाहीत. या पंधरवड्यात २५ एप्रिलला शुभवर्तमानकार मार्क, २९ एप्रिलला १३८० साली निवर्तलेली सिएनाची कॅथरिन, १ मेला कामगार योसेफ, २ मेला अथानासियुस आणि ३ मेला प्रेषित फिलिप व याकोब यांचे दिवस येतात. कामगार योसेफाचा सण बाराव्या पायस यांनी १९५५ साली आंतरराष्ट्रीय कामगार दिनाला ख्रिस्ती आशय देण्यासाठी सुरू केला. त्यापायी १ मे हा आपला जुना दिवस फिलिप व याकोब यांना सोडावा लागला. ते आधी ११ मेला आणि नंतरच्या सुधारणेत ३ मेला गेले.

शतकानुशतके संतांची संख्या वाढत गेली आणि त्यांच्या सणांनी ऋतूंची मूळ वाचने झाकली गेली. पोप सहावे पॉल यांनी १४ फेब्रुवारी १९६९ च्या आदेशपत्राने सामान्य रोमन पंचांग सुधारले आणि महासोहळा, सण, आवश्यक स्मरण व ऐच्छिक स्मरण अशी उतरंड लावली. ज्यांच्याविषयीचे ऐतिहासिक पुरावे दुबळे होते, अशी काही नावे सामान्य पंचांगातून वगळण्यात आली. ख्रिस्तोफरचे नाव त्यांत होते. त्यामुळे त्याचे संतपद काढून घेतल्याचा समज पसरला, तो चुकीचा आहे. स्थानिक पातळीवर त्याचा सण पाळण्यास बंदी नाही. याच सुधारणेत पेन्टेकॉस्टचे अष्टकही रद्द झाले, जेणेकरून पन्नासावा दिवस खरोखर शेवटचा ठरावा. या निर्णयावर परंपरावाद्यांची टीका आजही होते. २०१८ पासून पेन्टेकॉस्टनंतरच्या सोमवारी ‘चर्चची माता मारिया’ हे स्मरण पाळले जाते.

सध्याच्या नियमांनुसार पवित्र आठवडा आणि पास्का-अष्टक यांच्या आड कोणताही संत येऊ शकत नाही. महासोहळा असल्यास तो हलवतात, सण किंवा स्मरण असल्यास त्या वर्षी वगळतात. २०२४ साली २५ मार्च हा पवित्र आठवड्याचा सोमवार असल्याने मारियेला देवदूताने दिलेल्या संदेशाचा महासोहळा ८ एप्रिलला गेला. २०२५ साली मार्कचा दिवस अष्टकाच्या शुक्रवारी आला आणि सामान्य पंचांगानुसार तो सण त्या वर्षी झालाच नाही. साध्या स्मरणदिनी प्रार्थना संताच्या नावाने होते, मात्र वाचने बहुधा ऋतूचीच राहतात. त्यामुळे अथानासियुसच्या दिवशीही ‘प्रेषितांची कृत्ये’ यांचा धागा सहसा तुटत नाही. प्रेषितांच्या सणांना मात्र स्वतंत्र वाचने आहेत. १४ मेला येणाऱ्या मथियासच्या सणाला, यहुदाच्या जागी चिठ्ठ्या टाकून त्याची झालेली निवड वाचली जाते.

मराठी ख्रिस्ती परंपरेत

इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले. त्याच्या दुसऱ्या भागात येशूचे चरित्र पुनरुत्थानासह ओवीबद्ध रूपात आले आहे. दुसऱ्या वॅटिकन परिषदेने लोकभाषांना वाट मोकळी केल्यावर लॅटिनमधील मिस्सा मराठीत होऊ लागली आणि ‘मिस्सा’, ‘आलेलुया’ हे शब्द तसेच ठेवून ‘उपवासकाळ’, ‘शुभवर्तमान’, ‘स्मरणदिन’ अशी मराठी परिभाषा रुळली.

वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे पास्काकाळाशी असलेले नाते मृत्युदिनातून आलेले नाही. फ्रान्सिस्कन बंधू असलेल्या गोन्सालो यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर पंचवीस जणांसह क्रुसावर ठार मारण्यात आले. सामान्य रोमन पंचांगात या सव्वीस रक्तसाक्ष्यांचे स्मरण, पौलो मिकी व त्यांचे साथीदार या नावाने, ६ फेब्रुवारीला असते. पोप नववे पायस यांनी रोममध्ये त्या सर्वांना संत घोषित केले तो दिवस मात्र ८ जून १८६२ चा, म्हणजे त्या वर्षीच्या पेन्टेकॉस्टचा होता.